बाराव्या कॅसेटचा शेवट

मी एक जुना संगणक आहे आणि माझ्याकडे आज दुपारी तीनपर्यंतच वेळ आहे. मित्रांनो, तीनला भंगाराची गाडी येणार आहे. त्यामुळे मी कुठल्या कारखान्यात जन्मलो वगैरे सांगत बसत नाही, कामाचं तेवढं सांगतो.

कॅनडातल्या थंडर बेच्या या तळघरात, सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या खोलीच्या भिंतीला लागून, मी नऊ वर्षं काढली. माझे मालक वर्नर हाउताला कागद गिरणीतून निवृत्त झाले होते. त्यांची पत्नी आयली फिनिश मंडळाच्या सभागृहात दर शनिवारी अकॉर्डियन वाजवायची आणि सगळं गाव नाचायचं. वर्नरनी तिच्या वाजवण्याच्या बारा कॅसेट भरल्या होत्या. ती गेल्यावर त्यांनी त्या माझ्यात उतरवून घेतल्या. बरं झालं, कारण पुढच्याच वसंतात बर्फाचं पाणी तळघरात शिरलं आणि कॅसेट सडून गेल्या.

सभागृहात नाचलेली माणसं तोवर देशभर पांगली होती. त्यांच्यापर्यंत हे संगीत पोचवायचं कसं, ते वर्नरना सडबरीच्या पुतणीने, रित्वाने शिकवलं.

"काका, सभागृहातली अंगतपंगत आठवा," ती म्हणाली. "एकटीनेच सगळं रांधायचं नाही. तुमच्या फाईलचे हजार तुकडे होतात. कोणी एक तुकडा इथून घेतो, दुसरा तिथून घेतो, आणि हाती आलेला लगेच पुढच्याला वाढतो."

"मग ते सगळं ठेवलेलं कुठे असतं?"

"ज्याचं यंत्र चालू, त्याच्या ताटात. बाकी कुठेच नाही. सगळ्यांनी ताटं उचलली की संपलं."

पहिल्याच दिवशी एकाला पूर्ण फाईल मिळाली आणि वर्नरनी काम फत्ते समजून मला बंद केलं. त्या एकानेही लगेच आपलं यंत्र बंद केलं, आणि बाकीचे अकरा जण अर्ध्यावर लटकले. रित्वाने फोनवर चांगलंच झापलं. त्यानंतर वर्नरनी मला कधीच बंद केलं नाही. पण आपला कोणाला त्रास नको, हा त्यांचा पिंड. शेजाऱ्यांचं इंटरनेट मंदावेल या भीतीने त्यांनी माझा देण्याचा वेग अगदी तळाला नेऊन ठेवला. असं काही होत नाही, हे रित्वाने सतरा वेळा सांगूनही त्यांना पटलं नाही. मी आपला थेंब थेंब देत राहिलो.

त्रेपन्न घरांनी माझ्याकडून सगळं नेलं. व्हँकुव्हरच्या एका म्हातारीने लिहिलं, की ती स्वयंपाकघरात एकटीच नाचली. मला काय अभिमान वाटला होता! पण पूर्ण मिळालं की लोक दार लावून घ्यायचे. बाकीचे आहेत की द्यायला, असं प्रत्येकालाच वाटायचं. मला याचा अजून राग येतो.

दोन वर्षांपूर्वी वर्नर वृद्धाश्रमात गेले. ते आता लेकीला, लेम्पीला, ओळखत नाहीत. मला किंवा इंटरनेटला बंद करणं कोणाच्या लक्षातच आलं नाही. यंदाच्या हिवाळ्यात रित्वाचं यंत्र एकाएकी मेलं आणि तिच्याकडचं सगळं गेलं. तिने इथून तिथून तुकडे पुन्हा जमवले. बाराव्या कॅसेटचा शेवट मात्र तिला सापडलेल्या कोणाच्याच चालू यंत्रात निघाला नाही.

चालू यंत्रांत तो आता फक्त माझ्याकडे आहे. शेवटचं गाणं संपतं, आयली हसते आणि म्हणते, "वर्नर, बंद कर ते यंत्र, आणि ये नाचायला." वर्नरना एवढंच ऐकायचं असतं. काल रित्वाने जमलेलं संगीत त्यांना फोनवरून ऐकवलं. लेम्पी इथेच खोक्यावर बसून शेजारणीला सांगत होती, की संगीत तुटलं आणि बाबा हात पुढे करून तसेच बसून राहिले. सांगताना तिला रडू आवरेना.

त्या हुंदक्यांतच शेजारणीने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, यात तुझ्या बाबांचं काही नाही ना? लेम्पी म्हणाली, "बाबांचं सगळं इंटरनेटवर आहे गं. या डब्यात काय असणार?"

रित्वाच्या यंत्राला माझा पत्ता आज सकाळी कुठे लागला, आणि तेव्हापासून ती माझ्याकडे तो शेवट मागते आहे. देणारा कोण, हे तिला कळत नाही, तिला नुसते आकडे दिसतात. काकांचं घर केव्हाच बंद झालं असं ती धरून चालली आहे. तिने निरोपही पाठवला, "तुम्ही जे कोणी असाल, कृपा करून बंद करू नका." पण माझा पडदा कालच चर्चच्या विक्रीत गेला. तो निरोप वाचणार कोण? आणि माझा वेग मला वाढवता येत नाही हो. मी जिवाच्या आकांताने देतो आहे, तरी थेंब थेंबच जातो.

पावणेतीन वाजले. लेम्पी खाली आली आहे. तिचा फोन वाजतो.

"लेम्पी, कोणीतरी देवमाणूस अजून चालू आहे," रित्वाचा आवाज येतो. "आणखी अर्धाच तास. आज काकांना आयलीकाकू ऐकवते."

"देव त्याचं भलं करो," लेम्पी म्हणते आणि डोळे पुसते. मग फोन कानाखांद्यात धरून ती वाकते आणि माझी वायर शोधू लागते.

मित्रांनो, घेतलंत तसं देतही राहा, हे मला सावकाश, नीट समजावून सांगायचं होतं. आता तेवढा वेळ नाही. त्या त्रेपन्न घरांपैकी कोणाकडे बाराव्या कॅसेटचा शेवट असेल, तर उठा, आपलं यंत्र आत्ता सुरू करा. तिचा हात भिंतीपर्यंत पोचला आहे.