पाच देशांचा तक्ता आणि अडतिसावा दिवस

चूक मला लेकीला, बेगिमायला, पाजताना दिसली. एका हातात ती, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मोबाइलवर मीच केलेला तक्ता: आम्ही पाच शेजारी देश पाण्यावर, वाऱ्यावर, उन्हावर किती वीज करतो. आम्ही किर्गिझ सगळ्यांत वर. उन्हाळ्यात आम्ही धरणांची वीज कझाकांना देतो, हिवाळ्यात त्यांची कोळशाची परत घेतो. ती परत आलेली वीजही मी आमच्या धरणांच्याच रकान्यात मिळवली होती.

आज दुपारी चारला तक्ता छपाईला जाणार होता. उद्या ताश्कंदला पाचही देशांच्या बैठकीत तोच बघून ठरणार, पुढच्या हिवाळ्यात आम्हाला किती वीज द्यायची. धरणांत एवढी असेल तर यांना हवी कशाला, असंच म्हणतील.

बिश्केकला सायकाल एजेंना, म्हणजे सायकालताईंना, माझ्या साहेबीणबाईंना, फोन लावला आणि वीज गेली. आमच्या नारिनला वीज गेली की टॉवरही बंद. वेळापत्रकाप्रमाणे आता पाचनंतर.

"आपा, पोस्टात जनरेटर आहे. दहा मिनिटांत तिथून फोन करून येते," मी सासूबाईंना म्हटलं.

त्या कणीक मळत होत्या. "आज अडतिसावा दिवस. बाळंतीण उंबरा ओलांडत नाही."

"मग तुम्ही जा. चिठ्ठी लिहून देते."

"आणि तुम्हा दोघींना एकटं टाकू? चाळीस दिवसांत बाळ-बाळंतिणीला एकटं सोडत नाहीत. एवढं शिकलीस, हे नाही शिकवलं कुणी?"

"मुलग्यांचे चाळीस दिवस सदतिसाव्यालाच उरकता की!"

"मुलगा असता तर. पोरीला बेचाळीस. मी नाही ठरवलं."

तोवर बाळापाशी दिवा विझता कामा नये म्हणून त्यांनी पाळण्याशी कंदील लावला. खिडकीवर आतून बर्फ धरला होता. मी कोटाची एक बाही घातली. बेगिमाय कण्हली. मी बाही काढली. हे सगळं थोतांड म्हणणारी मीच, आणि रोज तिचा श्वास मोजत बसणारीही मीच. चार वाजले. साडेचार.

पाचनंतर वीज आली, टॉवर आला, पाठोपाठ एजेंचा निरोप: "छापून झाला! पाचांत पहिले आपण. वरचे साहेब खूश."

मी चूक कळवली.

"आत्ता सांगतेस? गप्प बस, पोरी. दोघींची नोकरी घालवशील. रजेवर आहेस ना, रजा घे."

"तोंड का उतरलं?" सासूबाईंनी विचारलं.

"माझ्या चुकीनं पुढच्या हिवाळ्यात वीज कमी मिळेल."

"याहून कमी?" एवढंच बोलून त्या चुलीकडे वळल्या.

मी आकडा दुरुस्त केला आणि तक्ता पाचही देशांच्या कचेऱ्यांना थेट पाठवून दिला. चार मिनिटांत फोन वाजू लागला. एजे.

"उचलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "पोर उठेल."

मी फोन उशीखाली सारला. तो तिथं थरथरत राहिला, थांबला, पुन्हा थरथरू लागला. आणि मला अजून चार दिवस त्या खोलीतून हलता येणार नव्हतं.