दीडशहाणी आणि एक ‘व’

दीडशहाणी हे नाव ठेवलं बापानंच, ती सात वर्षांची असताना. दोघी मावसबहिणींच्या भांडणात ही मध्ये पडली आणि जिची चूक होती, नेमकी तिच्याच बाजूनं तावातावानं बोलायला लागली. “तुला कुणी गं दिलं तिचं वकीलपत्र?” बाप ओरडला. तेव्हापासून ते वाक्य घरात उठताबसता ऐकू यायचं.

आता दीडशहाणी सतरा संपवून बसली होती. विद्यापीठाचा कायद्याच्या शिक्षणाचा अर्ज तिनं भरला होता आणि बापाच्या शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीखाली दडवला होता. राहिली होती फक्त पालकाची सही. आज शेवटचा दिवस, पाचला अर्ज घ्यायची खिडकी बंद. आणि बाप म्हणजे दगडावरची रेघ! कोटाची कॉलर उलटवत त्यानं सकाळपासून एकच पालुपद लावलं होतं, “शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. हातात कला आहे, दुकान तयार आहे, आणखी काय हवं?”

चारच्या सुमाराला दुकानाच्या जागेचा मालक आला. बसला नाही, उभ्याउभ्याच म्हणाला, “मास्तर, महिनाअखेर दुकान रिकामं करा. माझ्या जावयाला इथे धंदा टाकायचाय.”

बापाच्या हातातला खडू खाली पडला. बावीस वर्षं याच खिडकीच्या उजेडात त्यानं सुई ओवली होती.

मालकानं चष्मा चढवला आणि करार वाचला, “‘मालकास जागा स्वतःच्या वापरासाठी हवी असल्यास भाडेकरूने ती सोडावी.’ सही तुमचीच ना?”

“माझीच,” बाप म्हणाला. त्याचा पडलेला आवाज ऐकून दीडशहाणीची तळपायाची आग मस्तकात गेली. लहानपणी शाळा सुटली की ती इथेच बसायची. वाचायला दुसरं काही नसायचं, म्हणून कागदी साच्यांच्या गठ्ठ्यात ठेवलेला हाच करार तिनं इतक्या वेळा वाचला होता की तो पाठ झाला होता. तिनं आपली प्रत ओढून काढली.

“काका, परत वाचा बरं. ‘हवी असल्यास’च्या पुढे एक ‘व’ आहे. तो गिळलात तुम्ही.”

“कसला व?”

“‘हवी असल्यास व तसे एक वर्ष आधी लेखी कळवल्यास.’ कुठेय तुमचं पत्र?”

मालक लालबुंद झाला. “मास्तर, पोरीला आवरा! एवढ्याशा अक्षराचं काय घेऊन बसलीय?”

आता बाप काय म्हणेल? बाप सावकाश उठला.

“शेठ, बाहीच्या जोडातला टाकाही एवढासाच असतो. तो सुटला की बाही हातात येते. ती बोलतेय ते ऐका.”

“मग पाठवतो पत्र!”

“जरूर पाठवा,” दीडशहाणी म्हणाली, “आणि तारीख टाकायला विसरू नका. वर्ष तिथून मोजायचंय.”

मालक पाय आपटत गेला. बापानं कोट बाजूला ठेवला. मग म्हणाला, “बॉबिनखालचा तो कागद काढ.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“दिवसातून दहा वेळा बॉबिन बदलतो मी. बापाला एवढा बावळट समजतेस?”

त्यानं अर्ज टेबलावर पसरला, हातानं सुरकुत्या काढल्या आणि सवयीनं सही केली ती खडूनं.

“बाबा, खडू!”

दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. फुंकर मारून त्यानं खडू उडवला आणि पेनानं ठसठशीत सही ठोकली. घड्याळात सव्वाचार झाले होते.

“पण कोर्टाची पायरी?” तिनं दारातून विचारलं.

“शहाण्यानं चढू नये म्हणतात,” बाप म्हणाला. “दीडशहाणीला कुणी अडवलंय? पळ!”