सिंहासनाची कुरकुर

काळोखाच्या अधिपतीचे सिंहासन वाजते, ही तक्रार खुद्द अधिपतीनेच केली. दरबारात इतर कोणाची तक्रार नव्हती. तो रागाने पुढे झुकला की सिंहासनाचा डावा पाय ‘कर्र’ वाजे आणि दोन क्षणांनी त्याच्या बोटातून ठिणगी सुटे. ती ज्याला लागे तो जागच्या जागी दगड होई. त्या दोन क्षणांत दरबारी पटकन खाली बसत. तो मागे रेलला की सिंहासनाची पाठ ‘कुई’ करी. म्हणजे विनोद संपला, आता हसायचे. या शिस्तीवर नऊ वर्षे सुरळीत गेली होती. त्याआधीचे अकरा दगड दालनात उभे आहेत. त्यांतल्या एकावर द्वारपाल छत्री अडकवतो.

दुरुस्तीला सुतार आला. अधिपतीचा पेला धरून सिंहासनाला खेटून उभा राहणारा इसम त्याचा सख्खा मेहुणा. दालन रिकामे होताच मेहुण्याने सुताराचा हातोडा धरून ठेवला.

“दाजी, आवाज बंद केलात तर मी बारावा.”

“नाही केला तर मी बारावा.”

“तुमचं वय तरी झालंय.”

“हे तुझ्या बहिणीला जाऊन सांग.”

मेहुण्याने हातोडा सोडला. बहिणीला दोघेही अधिपतीपेक्षा जास्त घाबरत.

सुताराने पायात नवी पाचर ठोकली, पाठीच्या सांध्यांत मेण भरले. सिंहासन मुके झाले.

दुसऱ्या दिवशी अधिपतीने भर दरबारात एका बहिऱ्या राक्षसाचा विनोद सांगितला आणि तो मागे रेलला. विनोद संपला की नाही, कोणालाच कळेना. मध्येच हसणाऱ्याचे काय होते, ते सगळ्यांना ठाऊक होते. त्याने दुसरा सांगितला. सेनापतीने घसा खाकरला, तोही अर्धाच. मेहुण्याने पेला छातीशी धरला.

अधिपतीने सुताराला बोलावून घेतले.

“माझ्या विनोदांना काय केलंस?”

“विनोदांना हात लावला नाही, महाराज. फक्त पाय आणि पाठ.”

“परवापर्यंत हे लोक पोट धरून हसत होते.”

“परवापर्यंत सिंहासन वाजत होतं, महाराज.”

मेहुण्याने डोळे मिटून घेतले. अधिपतीने पुन्हा एकदा मागे रेलून पाहिले.

“म्हणजे त्या आवाजाने विनोद खुलतो?”

“साथ लागतेच. गाण्याला लागते तशी.”

“मग साथ परत लाव. जरा मोकळ्या हाताने लाव.”

सुताराने हुकूम शब्दशः पाळला. पाठीचे मेण खरवडले आणि डाव्या पायाचा सांधा इतका सैल केला, की अधिपतीने नुसत्या भुवया आवळल्या तरी आता पाय किंचाळतो. पूर्वी दोन क्षण मिळत, आता सात मिळतात. तेवढ्यात मेहुणा पेला न सांडता खाली ठेवतो आणि खांबामागे जातो. तिथे सेनापती त्याच्याआधी पोचलेला असतो, त्यावर सुताराकडे इलाज नाही.