उंदीर, साखर आणि यमुनावैनी

लक्ष्मणने यमुनेपुढे पाण्याचे दोन पेले ठेवले, तेव्हा सगळ्यात जास्त फायद्यात होता तिचा नवरा, तुकाराम. रजेवर आलेल्या या धाकट्या भावाने "वैनीचं डोकं बिघडलंय" म्हटलं, की तिला नंदगडला माहेरी पोचवून दुसरी करायला तो मोकळा. "सोंग हाय" म्हटलं, तर रामनगरच्या हमरस्त्यावरच्या त्याच्या हॉटेलात भजी तळायला आणि भांडी घासायला ती होतीच. यमुनेच्या बाजूला काय जमा होणार, हे कुणी मांडून पाहिलं नव्हतं.

निकाल द्यायचा मान लक्ष्मणचा. कारण तो बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत होता. तिथे तो उंदरांचे पिंजरे सांभाळायचा. पण रामनगरात त्याला अर्धा डॉक्टर समजत, आणि तोही फारसा खुलासा करत नसे.

"पावसापासनं अशीच हाय," तुकाराम म्हणाला होता. "हसत न्हाई, ते जाऊ दे. पण भांडतबी न्हाई रे! बायको भांडंना झाली म्हंजे काय समजायचं? तुमच्याकडं काय करत्यात अशाला?"

"आमच्याकडं उंदरं असत्यात, अण्णा."

"मग उंदराला काय करत्यात, ते सांग."

लक्ष्मणने सांगितलं. पिंजरा कधी तिरका ठेवायचा, कधी खालचा भुसा भिजवायचा, कधी रात्रभर दिवा चालू ठेवायचा. मोठा छळ नाही. पण पुढे काय होईल याचा उंदराला पत्ता लागू द्यायचा नाही. काही आठवडे गेले की पुढ्यात दोन बाटल्या, एक साध्या पाण्याची, एक साखरेच्या. धडधाकट उंदीर साखरेकडे धावतो. खचलेल्याला दोन्ही सारख्याच. मग त्याचा मेंदू काढून तपासतात. मेंदूत म्हणे डोळ्याला न दिसणाऱ्या कड्या असतात, निरोप आणणारं रसायन त्यांत अडकतं. छळाने त्या कड्यांची संख्याच बदलते.

"कमी हुत्यात?"

"काई कमी, काई जास्त. प्रयोग करणाऱ्या बाईंना मी इचारलं हुतं. त्या म्हणाल्या, कंची कडी, मेंदूत कुठली, त्यावर हाय."

"म्हंजे तुलाबी कळलं न्हाई."

"न्हाई."

"आणि उंदीर छळायला पगार!" तुकाराम खदखदून हसला. "हितं माणसं फुकट राबत्यात."

सांगता सांगता लक्ष्मणची नजर यमुनेच्या अंथरुणावर गेली होती. मोरीलगत, म्हणून एक कड कायमची ओली. वर बल्ब. रात्री हॉटेलापुढे ट्रक थांबला की उठायचं. पाहुणा आला की अंथरूण पडवीत. हे वेळापत्रक त्याच्या ओळखीचं होतं. तिकडे ते भिंतीवर लावलेलं असे, एवढाच फरक. उंदरावरून माणसाचं लगेच बोलू नये, असं बाईंनी बजावलं होतं. तरी त्याने पेले भरलेच.

यमुनेने पहिल्यातला घोट घेतला आणि तशीच उठून मोरीत थुंकली. चूळ भरली. दुसरा पेला, साधा, शांतपणे रिकामा केला.

"झालं की!" तुकाराम मांडीवर थाप मारून म्हणाला. "साखर थुकली. धाडू का नंदगडला सांगावा?"

लक्ष्मण गोंधळला. खचलेला उंदीर दोन्हीकडचं पितो. साखर थुंकणारा उंदीर त्याने बघितला नव्हता.

"वैनी, का थुकलीस?"

"साखर हाय म्हणून सांगायचं न्हाई व्हय? मोडला असता की नवस."

"कसला नवस?"

"तुझ्या नोकरीचा. तू पक्का झालास की उळवीच्या जत्रंत तुझ्या हातानं गूळ खायाचा. तवर गोड बंद. ह्यास्नी सांगितलं हुतं, तुला लिवा म्हणून."

लक्ष्मण पक्का होऊन कितीतरी वर्षं लोटली होती.

तुकारामने डोकं खाजवलं. "ऱ्हायलंच बघ ते. पण म्हंजे डोकं ठीक हाय की हिचं! उगंच पेले भरलास." आणि सुटल्यासारखा तो गल्ल्यावर जाऊन बसला.

लक्ष्मणला मात्र काही सुधरेना. साखर नवसाची, कबूल. पण हसणं? भांडणं? हे तिने कुणासाठी सोडलं होतं? उंदीर नवस बोलत नाहीत, त्यामुळे बाईंना विचारण्यातही अर्थ नव्हता.

त्याच रजेत जत्रा आली, आणि तिघे उळवीला गेले. दर्शन झाल्यावर बैल सोडलेल्या एका गाडीच्या सावलीत लक्ष्मणने गुळाचा खडा यमुनेच्या तोंडात घातला. तिने तो बराच वेळ घोळवला.

"आवडला?"

"गूळ हाय की," ती म्हणाली. "आवडायला पायजे, न्हवं?"

ती खरंच विचारत होती.

परतताना लक्ष्मण म्हणाला, "अण्णा, वैनीचं अंथरूण आतल्या खोलीत घाल."

"आत तू झोपतोस की रे."

घरी आल्यावर लक्ष्मणने आपली वळकटी उचलून मोरीजवळ टाकली. रजा संपेपर्यंत ट्रकांना तोच उठला.

लक्ष्मणला नोकरी मिळाली होती, तुकारामला कामाची बायको परत मिळाली, देवाला नवस पोचला. उरलेला गूळ यमुनेने उळवीहून पदराच्या गाठीत बांधून आणला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गाठ सोडली, आणि तो गिऱ्हाइकांच्या चहात टाकला.