अर्धं चिपटं

मित्रांनो, मी वाटूरजवळच्या एका खेड्यातलं जुनं चिपटं आहे, धान्य मोजायचं लाकडी माप. उंदरांनी माझा काठ खाल्ला, त्याचं मला दुःख नाही. माणसांनी केलं, त्याचं आहे.

रामकिसन सुतारानं आम्हा चौघांना एकाच बाभळीतून कोरलं. सगळ्यांत धाकटं कोळवं. दोन कोळव्यांचा मी, माझ्या दुपटीचं मापटं, त्याच्या दुपटीचा शेर. तुम्हाला बोटं दहा, म्हणून तुम्ही दहादहाचे गठ्ठे करता. आमचं घराणं दुपटीनं चालायचं.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत निजाम सरकारची सक्तीची धान्य-लेव्ही भरून उरलेली ज्वारी गावानं एकत्र ठेवली आणि रोज माणशी एक कोळवं वाटायचं ठरवलं. मोजायला चतुराबाई बसायची. तिला मागंपुढं कुणी नव्हतं. तिची रीत मला फार आवडायची. ती आम्हाला ओळीनं मांडायची. द्यायचं ते माप सुलटं, नको ते पालथं. घरात पाच माणसं असली की मापटं आणि कोळवं सुलटी, शेर आणि मी पालथे. एक माप एकदाच, नाहीतर नाहीच. एवढ्यावर पंधरा माणसांपर्यंतचं कुठलंही घर बरोबर बसायचं.

एकदा पुष्पाबाईच्या सात माणसांसाठी मापटं, मी आणि कोळवं अशी तीन मापं पडली. मागं कडूबा उभा होता. त्याच्या घरी आठ माणसं, म्हणून त्याला नुसता शेर. तो भडकला.

"सात जणांला तीन मापं, अन् आमच्या आठ जणांला एकच? बाई, डोळ्यांत धूळ फेकून राह्यली का?"

"अरे, शेर केवढा अन् कोळवं केवढं! कोणतं माप पडलं ते बघ, नुसतं किती पडले ते नको मोजू."

"ते आपल्याला न्हाई कळत. समद्यांला बराबर एकच माप पाहिजे!"

सगळी रांग हो म्हणाली. पुष्पाबाई पदर सावरून निघून गेली.

काकासाहेब पाटलांनी निकाल दिला, "चिपटं तेवढं ठेवा. बाकीची बिलकुल नको."

शेर त्यांच्या घोड्याच्या चंदीला गेला, मापटं कुठं गेलं कळलं नाही, कोळवं चुलीत गेलं. दुसऱ्या दिवशी कडूबाच्या धोतरात मला चारदा ओतलं. ज्वारी कालच्याइतकीच होती, पण चार ऐकून गडी खूश! मला त्याची अजून चीड येते.

घरात माणसं जोडीनं असली तर निभायचं. नसली तर शेवटच्या माणसाला अर्धं चिपटं, तेही नजरेनं. चतुराबाईच्या जागी नवा मोजणारा बद्रीनाथ, आणि त्याचा अंगठा कायम माझ्या आत. चतुराबाईचं तर घरच एका माणसाचं. ती रोज विनवायची, "बाबा, चिपट्यात मधी एक रेघ तरी मार."

"रेघ कशाला? नजर हाये की आपली."

ती वाळत गेली. निजामाचं राज्य गेलं, ज्वारीची रांग मोडली, ते बघायला ती नव्हती. जिनं गावाला बरोबर मोजून दिलं, तिलाच गावानं अंदाजानं दिलं.

मित्रांनो, मोजणाऱ्यावर आळ घेण्याआधी त्याची रीत समजून घ्या. आणि कधी मी हाती लागलो, तर माझ्या आत मधोमध एक रेघ मारा. आता तिचा उपयोग नाही. तरी मारा.