ममतानं न काढलेला फोटो

मी ममताचा मोबाइल बोलतोय. चार्जिंग फार उरलेलं नाही, तेव्हा आढेवेढे न घेता सांगतो.

घाटंजीच्या बाजारात ममतानं मला घेतलं तेव्हाच मी जुना होतो, काचही तडकलेली. बोंडअळीची वर्षं होती ती. कापसाचे भाव, अळीचे व्हिडिओ, गुलाबाच्या फुलांसकट सुप्रभात, सगळं माझ्याच अंगावर आदळायचं. तव्यावर भाकर करपायची आणि ममता माझ्यात डोकं घालून बसलेली असायची. मला झोप अशी कधी मिळालीच नाही.

मग तिचा नवरा रोशन पराटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, विषारी औषध फवारताना कोसळला. यवतमाळच्या दवाखान्यातून तो वाचून आला, पण डोळ्यांपुढे नुसता उजेड-अंधार उरला. तिथं त्याच्या खाटेशी बसून ममता दिवसभर मला चाळत असे. ते पाहून एक सिस्टर म्हणाली, "बाई, यानं डोकं शांत नाही होत. रोज एकच फोटो काढा. पण आधी श्वास संथ होईपर्यंत त्या वस्तूकडे नुसतं पाहा."

ममतानं ऐकलं, पण अर्धंच. ती फोटो काढायला उभी राहायची, तेवढ्यात मी थरथरायचो आणि ती घाईनं बटण दाबून मेसेज वाचायला लागायची. संध्याकाळी रोशन विचारायचा, "आज काय पाह्यलं?" ती मला उघडायची आणि फोटोत बघून सांगायची, "बोरीचं झाड हाये."

"म्या तुले इचारलं, त्याले नाही," एकदा तो म्हणाला. त्यानंतर त्यानं विचारणंच सोडलं. हळूहळू बोलणंही. ताट समोर ठेवलं तर जेवायचा, नाहीतर तसाच बसून राहायचा. ममता घाबरली. खरं सांगायचं तर मीही.

सीतादहीचा दिवस आला. पहिला कापूस वेचण्याआधी आमच्याकडे पराटीची पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. अळीनं निम्मी बोंडं खाल्ली होती, तरी ममताच्या सासूनं, मथुराबाईंनी नेम मोडला नाही. ममतानं रोशनला हाताला धरून शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, आणून बसवलं.

"फोटो काढ वं," मथुराबाई म्हणाल्या.

ममतानं मला एका फुटलेल्या बोंडासमोर धरलं. मी सवयीनं थरथरलो. तिचं लक्षच नव्हतं. ती माझ्यावरून पलीकडे, त्या बोंडाकडे बघत राहिली, बराच वेळ. मग मला दहीभाताच्या भांड्याजवळ पालथं ठेवलं, बोंड तोडलं आणि रोशनच्या तळहातावर दिलं.

"तीन पाकया चांगल्या फुटल्या. चौथी सडली, तिच्यात कीड हाये. वरतं दव हाये अजून, चमकून राह्यलं."

"किडीचा रंग कसा हाये?"

"गुलाबी. डोकं मातकट."

रोशन बोंड चाचपत बसला. मग म्हणाला, "अन् आभाय?"

ममतानं मान वर केली.

त्या दिवसाचा फोटो माझ्यात नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणी विसरलं होतं, आणि मला फार बरं वाटलं.

आता माझी बॅटरी फुगलीय, दुकानदार हात लावायला तयार नाही. जाता जाता एकच मागणं. तुमच्या हातातल्या माझ्या भाऊबंदाला थोडा वेळ पालथं ठेवत जा. शेजारी कुणी काही विचारत असेल. विचारणारा माणूस गप्प होतो तेव्हा आवाज होत नाही.