संपादकांच्या टेबलाखालची टोपली

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. केराची. आता लगेच नाक मुरडू नका. मी जेवढ्या कथा वाचल्या, तेवढ्या वाचायला एखाद्या ग्रंथपालाला तीन जन्म घ्यावे लागतील, आणि तिसऱ्या जन्मात त्याला जन्मतःच चष्मा लागेल.

मी वेताची. मला विणलं एका मावशींनी. त्यांचे हात भराभर चालत आणि तोंड त्याहून भराभर. "तळ घट्ट घे गं," त्या सुनेला बजावत होत्या, "हिच्यात काय काय पडेल, नेम नाही." माझ्याच जुडीतल्या दुसऱ्या वेताचा पाळणा झाला. मलाही पाळणा व्हायचं होतं, पण वेत आखूड पडला. मग एका मासिकाच्या कचेरीत, संपादकांच्या टेबलाखाली माझी नेमणूक झाली.

त्या खोलीत माणसं तीनच. संपादकसाहेब, छापण्याआधी चुका काढणाऱ्या प्रूफताई, आणि शिपाईमामा. मामा रोज जेवणाच्या सुट्टीत मला पोत्यात उपडी करत आणि पोतं रद्दीवाल्याच्या हवाली करत.

साहेबांची एक पद्धत होती. टपालानं आलेल्या कथेची पहिली दोन पानं वाचायची. रुचली तर पुढे वाचायचं. नाही रुचली तर ती दोन पानं बाजूला आणि उरलेला गठ्ठा चहाच्या कपाखाली, म्हणजे टेबलावर डाग पडत नाही. परतीचं पाकीट जोडलेलं असलं तर कथा मालकाकडे परत जाई. नसलं तर ती माझी. पहिली दोन पानं लगेच, उरलेली चहा संपल्यावर.

छापलेलं सगळं जग वाचत होतं. न छापलेलं मी वाचत होते. एका कवीनं चंद्रावर इतक्या कविता पाठवल्या की आठवडाभर टेबलाखाली दिवा लावावा लागला नाही. एका कादंबरीत नायिका इतकी रडली की साहेबांचे बूट ओले झाले. तुम्ही हसाल, पण मामांना विचारा. त्यांनीच ते बूट खिडकीत वाळत घातले होते.

अशातच एक पाकीट आलं. आतल्या कागदांना खोकल्याच्या औषधाचा वास होता. अक्षर बारीक, उजवीकडे कललेलं. साहेबांनी पहिलं पान उचललं आणि सुस्कारा सोडला.

"पुन्हा सूर्योदय. अहो प्रूफताई, या नवीन मंडळींकडे दुपार होतच नाही का?"

"होते की," ताई मान वर न करता म्हणाल्या. "पण दुपारी ती नोकरीवर असतात."

ती कथा माझ्यात आली. पहिली दोन पानं खरंच नुसता सूर्य. तिसऱ्या पानापासून मात्र माणसं बोलायला लागली, आणि मी कान टवकारले. टोपलीला कान असतात का, असं विचारू नका. दोन बाजूंना दोन कड्या उगाच नसतात.

मग दर थोड्या दिवसांनी तोच वास यायचा. तेच अक्षर, परतीचं पाकीट कधीच नाही, आणि दर वेळी सुरुवातीला तोच सूर्य. साहेब दोन पानांवर थांबायचे. मी मात्र शेवटपर्यंत जायचे. प्रत्येक कथा आधीच्या कथेपेक्षा सरस. हे लिहिणारी बाई दवाखान्यात औषधं देणारी कंपाउंडर होती, हे मला तिच्या कथांतून कळलं. मी तिची वाट बघायला लागले. दुसऱ्या कोणाचं पाकीट आलं की मला जेवण बेचव लागायचं.

एके दिवशी तिची एका म्हाताऱ्यावरची कथा आली. साहेबांनी दोन पानं वाचली, ती माझ्यात टाकली, गठ्ठ्यावर कप ठेवला आणि ते जेवायला गेले. मामांनी नेहमीप्रमाणे मला पोत्यात उपडी केलं. पोतं गेलं. साहेब परतले, गार चहा प्यायले आणि उरलेला गठ्ठा माझ्यात टाकला.

कथा अशी होती. एक म्हातारा दर सोमवारी दवाखान्यात येऊन बायकोचं खोकल्याचं औषध भरून नेतो. बायको जाऊन वर्ष झालेलं असतं. कंपाउंडरला ते माहीत असतं. पण "आता कसं आहे त्यांना?" असं जगात एकटी तीच विचारते, आणि "जरा उतार आहे," एवढं सांगायलाच तो येतो. म्हणून ती बाटलीत नुसतं साखरेचं पाणी भरून देत राहते.

मित्रांनो, ही कथा उद्या रद्दीत जाणार होती. मला हात नाहीत, आवाज नाही. मग मी काय केलं असेल? मी आडवी पडले. साहेबांचा पाय लागला असं मामा सांगतात. सांगू देत. मी टेबलाखालून घरंगळत थेट प्रूफताईंच्या खुर्चीपर्यंत गेले आणि त्यांच्या पायांशी सगळी पानं ओतली.

ताई पानं गोळा करायला वाकल्या. चूक दिसली की दुरुस्त करायची त्यांची सवय, म्हणून हातात लाल पेन. वाचता वाचता त्या जमिनीवरच बसल्या. पेनाचं टोपण काही निघालं नाही.

"साहेब, हे वाचा. इथून."

"अहो, ते तिसरं पान आहे."

"म्हणूनच म्हणते."

साहेबांनी वाचलं. बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "कोणाची आहे?"

सगळी कथा उलटीपालटी करून झाली. नाव आणि पत्ता पहिल्या पानावर होता, आणि पहिलं पान पोत्यात. मामा रद्दीवाल्याकडे धावले आणि घाम पुसत रिकाम्या हातानं परत आले. मला सगळं माहीत होतं: ते अक्षर, तो वास, आधीच्या साऱ्या कथा. पण सांगू कशी? जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, देवानं वेताला निदान एक जीभ तरी द्यायची.

शेवटी साहेबांनी कथा बिननावाची छापली आणि खाली लिहिलं, "लेखकानं कचेरीत यावं." त्यानंतर औषधाचा वास येईना. पाकिटंच थांबली. इतक्या कथांना उत्तरच न आल्यावर कोण लिहील? ती हरली असेल, असं वाटून माझा तळ खचला.

लेखक मात्र आले. रांग लागली. एक मिशीवाले गृहस्थ आले. साहेबांनी विचारलं, "पहिल्या दोन पानांत काय होतं?"

"वादळ. जहाज बुडतं."

"दवाखान्याच्या कथेत?"

"लहान जहाज होतं."

दुसऱ्या एका काकूंच्या सुरुवातीला राजवाड्याला आग लागली होती. तिसऱ्यानं सांगितलं की कथा त्याला स्वप्नात पडली, त्यामुळे पहिली पानं झोपेतच राहिली.

मग एका दुपारी दार उघडलं आणि खोलीत खोकल्याच्या औषधाचा वास आला. माझी एकेक काडी ताठ झाली. साधी साडी, खांद्याला पिशवी, पंचविशीतली बाई. तिनं अंक पुढे ठेवला. "दवाखान्यात एका पेशंटच्या हातात बघितला. ही माझी आहे."

"पहिल्या दोन पानांत काय होतं?" साहेब कंटाळून म्हणाले.

ती खाली बघत राहिली. "काही नाही. सूर्य उगवतो नुसता."

ताई हसल्या. "परतीचं पाकीट का नाही हो जोडलंत कधी?"

"परत आलेली कथा माझा भाऊ जेवताना सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो. तुमच्याकडे हरवलेली बरी."

ताईंनी अक्षर ताडून बघायला तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. "काहीही एक ओळ लिहा." तिनं लिहिली. वाचली. खोडली, वर दुसरी लिहिली. तीही नाही आवडली. तिनं कागद चुरगाळला आणि माझ्यात टाकला.

"अहो, तो बघायचा होता मला," ताई म्हणाल्या.

"राहू दे," साहेब म्हणाले. "खुर्ची द्या त्यांना. फसवणारा माणूस स्वतःची ओळ टोपलीत टाकत नाही."

त्या दिवसापासून तिच्या कथा टेबलावरून सरळ छापखान्यात जाऊ लागल्या. नाव पहिल्या पानावर आणि शेवटच्याही. सूर्य आपला आपण उगवायचा, तिच्या मदतीशिवाय. वास यायचा, डोक्यावरून जायचा. मी खाली तोंड उघडून बसलेली. वर्षानुवर्षं तिचं एक पानसुद्धा माझ्यात पडलं नाही. मला किती आनंद झाला आणि किती उपाशी वाटलं, ते कोणत्या तोंडानं सांगू?

आता कथा संगणकाच्या पडद्यावर येतात आणि बोटाच्या टिचकीसरशी जातात. मी जिन्याखाली असते. माझ्यात लोक छत्र्या उभ्या करतात. छत्र्यांना वाचता येत नाही. फार एकटं वाटतं.

म्हणून मित्रांनो, लिहायच्या टेबलाखाली एक टोपली ठेवा. तिला लाथ मारू नका, तिची लाजही बाळगू नका. वाईट पानं तिला द्या, ती कोणाला वाचून दाखवणार नाही. नकार आला तर रडा, जेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. माझ्याकडे या, पुष्कळदा या. आणि मग एक दिवस यायचे थांबा. मी वाट बघत राहीन, पण तुम्ही येऊ नका.